फिलूबायचा बाकल्याव

जुम्म्याची नमाज आटोपून इक्बाल घरी आला होता, दस्तरखान पसरला होता, सून भाताचं ताट घेऊन येत होती आणि माझा फोन वाजला. मडगावहून लूर्डीस होती, फिलूबायची मुलगी. ती एरवी शुक्रवारी फोन करत नाही. आम्ही जेवत असतो हे तिला ठाऊक आहे. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मावशी, मम्मा गेली गो... पहाटे. झोपेतच." मी फोन कानाला तसाच धरून बसले. पलीकडे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं, तो आवाज येत राहिला. इक्बालनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातला घास परत ताटात ठेवला. साठीला आलेला माझा मुलगा, शिपिंग कंपनीत मॅनेजर. तोच म्हणाला, "मांय?" मी मान हलवली. माझी नात सना आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. ती म्हणाली, "दादी, वॉज शी फॅमिली?" त्या वेळी मी तिला नुसतं हो म्हटलं. पण एका 'हो'मध्ये फिलूबाय मावत नाही, म्हणून आज काही आठवड्यांनी हे लिहायला बसले आहे.

मी मूळची हर्णैची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न झालं आणि इक्बालच्या अब्बांबरोबर बोटीनं दुबईला आले. ते खोरच्या, म्हणजे दुबईच्या खाडीच्या, काठावर मालाच्या पडावांची नोंद ठेवायचे. तेव्हाचं दुबई आजच्या माणसाला सांगून खरं वाटायचं नाही. आमच्या देरा वस्तीत अरुंद वाळूच्या गल्ल्या, समुद्रातल्या दगडांनी बांधलेली घरं, एका अंगणाभोवती चार-पाच खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एकेक बिऱ्हाड. आमच्या समोरच्या खोलीत फिलोमेना आणि मिंगेल राहायची. मिंगेलबाब लाँचच्या इंजिनांची दुरुस्ती करायचे. फिलूबाय माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी, काळीसावळी, उंच, गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा फ्रॉक आणि कमरेला बांधलेला नॅपकिन. ती खोर ओलांडून बर दुबईत एका इंग्रज कुटुंबाची मुलं सांभाळायला जायची. ती बोलायची गोव्याची कोकणी, मी बोलायचे आमची कोकणी. दोन्ही कोकणीच, पण पहिला महिनाभर आम्ही एकमेकींशी जास्त करून हातवाऱ्यांनीच बोललो.

आमच्या गल्लीत तेव्हा नळ नव्हते. विहिरीचं पाणी मचूळ, ते धुण्याभांड्याला. गोडं पाणी गाढवावर डबे लादून एक म्हातारा बलुची आणायचा आणि दाराशी येऊन ओरडायचा, "माय! माय!" पहिल्या दिवशी मला वाटलं, बिचारा आईला हाका मारतोय की काय... मी घाबरून बाहेर आले. फिलूबाय हसून हसून दाराला टेकली. अरबीत पाण्याला माय म्हणतात, हे तिनं मला त्या दिवशी शिकवलं. ती मला सगळंच असं शिकवायची, आधी पोटभर हसून घ्यायची आणि मग सांगायची. ते गोडं पाणी आम्ही जपून वापरायचो. पिणं, चहा, डाळ-भात, बस. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा कुणी फेकत नसे.

आणि अशा जागी फिलूबाय दरवर्षी हिवाळ्यात बाकल्याव करायची!

बाकल्याव म्हणजे पोर्तुगीजांचा खारवून वाळवलेला मासा. थंड समुद्रातला, आपल्याकडे मिळत नाही. फिलूबायचा भाऊ लिस्बनला बंदरात कामाला होता. गोव्यात राज्य बदललं तेव्हा तो तिकडे राहिला, आई मडगावला राहिली आणि ही मध्ये दुबईत. एका घराचे दोन देश झाले आणि ती कुठल्याच देशात नाही, असं ती म्हणायची. पण रडून नाही हं, कांदा चिरता चिरता सहज. नाताळ जवळ आला की कुठल्या तरी बोटीवरच्या गोंयकार खलाशाच्या हाती भाऊ एक पुडकं पाठवायचा. मी पहिल्यांदा ते उघडताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, आत दाराची फळी आहे. पांढरं, कडक, वर मिठाचे खडे. वास मात्र ओळखीचा! हर्णैच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या माशांच्या वासात मी वाढले. मी म्हटलं, "अगो, ह्यात काय विशेष? आमच्याकडं पण खारा मासा असतो. खोरावर ताजी फडफडीत सुरमई मिळते, आणि तू लिस्बनवरून वाळका मासा मागवतेस?" तिनं ती फळी मोडून टबात घातली आणि वर गोडं पाणी ओतलं. संध्याकाळी ते पाणी ओतून दिलं आणि दुसरं घातलं. सकाळी पुन्हा. मी दारात उभी राहून पाहत होते आणि माझा जीव वर-खाली होत होता. आम्ही चहाला मोजून पाणी घेतो आणि ही बाई मेलेल्या माशाला आंघोळी घालतेय! त्या वर्षी तिनं वाटीभर बाकल्याव माझ्याकडे पाठवला. मी शिष्टाचार म्हणून घेतला, पण भांडं कुठलं, त्यात काय काय घातलं असेल, अशा शंका मनात धरून झाकून ठेवला तो ठेवलाच. तिला कळलं असणार.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. गावाकडे जायचं ठरत होतं, पण त्याआधीच, सातव्या महिन्यात, कळा सुरू झाल्या. मुलगी होती. तिनं श्वास घेतला नाही. इक्बालचे अब्बा आणि ओळखीचे दोघेतिघे तिला घेऊन कब्रस्तानात गेले. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दूध आलं होतं, ते कुणासाठी ते कळत नव्हतं. माझी आई हर्णैला, सासू हर्णैला, इथे माझं रक्ताचं कुणी नाही. मी बोलणं सोडलं. जेवण समोर आलं की मी ताट सारून द्यायचे. इक्बालचे अब्बा घाबरले. त्यांनी मुंबईच्या बोटीचं माझं तिकीट काढलं आणि म्हणाले, "तू आईकडे जा. बरं वाटलं की बघू." ते काय बघणार होते ते त्यांनाही माहीत नव्हतं. मला मात्र माहीत होतं. मी गेले की परत येणार नव्हते. ह्या वाळूत, ह्या खोलीत, त्या माणसाच्या संसारात, कशातच मी परत येणार नव्हते. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण माझी पेटी मी भरली होती ती कायमची भरली होती.

फिलूबाय रोज सकाळ-संध्याकाळ यायची. उशाशी बसायची, माझे केस विंचरायची. "धीर धर", "देवाची मर्जी", असलं ती एकदाही बोलली नाही. मग डिसेंबरातली एक सकाळ. ती कामावर निघालेली, डोक्याला रुमाल, हातात तो टब. तिनं टब माझ्या बिछान्याजवळ जमिनीवर ठेवला. आत मासा भिजत होता. म्हणाली, "जमिलाबाय, हांव कामार वता. दनपारां उदक बदल. सांजेर परत. विसरूं नाका गो." दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा, पाणी बदल. आणि गेली!

मला जो राग आला, तो मी आजही विसरले नाही. माझं लेकरू मातीत गेलंय आणि ही मला मासा सांभाळायला सांगतेय! एवढी अक्कल नाही? मी भिंतीकडे वळले. पण वास पाठीमागून येतच राहिला. हर्णैचा वास. आमच्या अंगणात आई सुकट पसरायची, आम्ही पोरं कावळे हाकलायचो... दुपारी गाढवाच्या गळ्यातली घंटा वाजली, म्हातारा दाराशी ओरडला, "माय! माय!" मी उठले. रागातच उठले. पदर डोक्यावर घेतला, भिंत धरत धरत दारापर्यंत गेले. कितीतरी दिवसांनी ऊन डोळ्यांवर आलं. म्हाताऱ्यानं मला बघून डबा खाली ठेवला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "बैठो बेटी, मैं डालता." नको म्हटलं, मीच घातलं. टब तिरका करून जुनं पाणी मोरीत सोडलं, माशाचे तुकडे हातानं उलटेपालटे केले. ते आता फळीसारखे राहिले नव्हते, मऊ पडत चालले होते. खारटपणा किती उतरला ते बघायला मी बोट बुडवून जिभेला लावलं. तेवढ्या दिवसांत मी आपण होऊन तोंडात घातलेली ती पहिली गोष्ट. खारट होती. आणि मग मी टबाशेजारी बसून जी रडले... मुलगी गेल्यापासून मी रडलेच नव्हते. म्हातारा बलुची दाराबाहेर गाढवापाशी उभा राहिला, माझं रडणं थांबेपर्यंत गेला नाही.

संध्याकाळी मी पाणी पुन्हा बदललं. रात्री घेऊन गेलेला टब फिलूबाय दुसऱ्या दिवशी परत ठेवायला आली तेव्हा मी उठून बसलेली होते. दुपारी मी तिच्यासाठी चहाचं पाणी झाकून ठेवलं.

नाताळच्या आदल्या दिवशी तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. त्या दिवशी त्यांच्यात मांस चालत नाही, म्हणून हा मासा. तिनं माझ्या दारात येऊन विचारलं, "तुझी डेग दे गो." माझ्या आईनं लग्नात दिलेली तांब्याची कल्हईची डेग. "तुझ्या भांड्यात, तुझ्या चुलीवर, तुझ्यासमोर करते. मग तुझा घोव खायल मू?" माझ्या मनातली मागच्या वर्षीची शंका तिला तेव्हाच कळली होती तर! मी लाजेनं मान खाली घातली. ती म्हणाली, "आणि ह्यात सोरो, दारू, नसतोच. तुझ्यासाठी म्हणून नाही, मुळातच नसतो." आणि हसली.

मग आम्ही दोघींनी रांधलं. टबातले तुकडे आता जाडजूड, पांढरेशुभ्र झाले होते. डब्यातल्या पावडरीचं दूध करून त्यात ते मंद आचेवर ठेवले. उकळू द्यायचं नाही, नुसतं थरथरलं पाहिजे, असं ती सांगत होती. मग काटे आणि साल काढायचं काम माझं. मासा बोटांखाली पाकळ्या पाकळ्या होऊन सुटत होता. तिनं कांदे उभे चिरून जैतूनच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, तेलात टाकले, बरोबर लसूण. कांदा लाल करायचा नाही, नुसता गळू द्यायचा. मला राहवेना. म्हटलं, "मिरची?" "ना." "हळद?" "ना." "मग ह्याला चव कुठून?" "तू वाट बघ," ती म्हणाली. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, वर मासा, वर कांदा, वर पुन्हा बटाटा, असे डेगीत थर लावले आणि वरून भावानं पाठवलेलं बाटलीतलं तेल सोडलं. तिची आई मडगावात एका पोर्तुगीज जज्जाकडे स्वयंपाक करायची, तिच्या हाताखाली फिलूबाय हे शिकली; तिथे ते भट्टीत जायचं. आमच्याकडे भट्टी कुठली? मी म्हटलं, "आमच्यात दम देतात तसं करू." डेगीवर झाकण घातलं, खाली निखारे, झाकणावर निखारे. ते फिलूबायला माझ्याकडून मिळालं. पुढे मडगावला गेल्यावरही ती घरात भट्टी असून वरखाली निखारे ठेवायची, असं लूर्डीस सांगते.

झाकण काढलं तेव्हा उन्हं कलली होती. वर अंड्याच्या चकत्या, काळे जैतून, आणि त्यांची ती पोर्तुगीज पालाभाजी नव्हती म्हणून आपली कोथिंबीर. अंगणात चटई टाकून आम्ही चौघं बसलो. मिंगेलबाबांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली, इक्बालच्या अब्बांनी बिस्मिल्ला केलं. मी पहिला घास घेतला. तिखट नाही, आंबट नाही... पण खोल कुठेतरी मीठ, लांबून आल्यासारखं, आणि त्याभोवती कांद्याची गोडी आणि दुधाची साय. बटाट्यानं सगळं तेल पिऊन घेतलं होतं. मी दुसरा घास घेतला. ताट संपलं तेव्हा मी ताट पुढे केलं. फिलूबायनं वाढलं. इक्बालचे अब्बा मधेच उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ मोरीपाशीच उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मला म्हणाले, "बोटीचं काय करू?" मी म्हटलं, "पुढच्या बोटीनं बघू." ती पुढची बोट काही आली नाही. पेटी मी दुसऱ्याच दिवशी रिकामी केली.

खूप पुढे, एका दुपारी उंबरठ्यावर बसून तांदूळ निवडताना, मी तिला विचारलं की तुला कसं सुचलं ते? ती म्हणाली, "माझे दोन गेले गो. एक मडगावला, एक हांगा." इथेच, देऱ्यात, मी यायच्या आधी. तेव्हा समोरच्या खोलीत कुणीच नव्हतं. ती एकटीच पडून होती आणि भावाचं पुडकं आलं. मिंगेलबाबांना त्यातलं काही कळत नव्हतं. मासा न भिजवता टाकून देणं तिच्या आईच्या लेकीला जमेना, म्हणून ती उठली. एवढंच तिनं सांगितलं आणि तांदळातला खडा काढून दूर फेकला.

त्या नाताळाच्या पुढच्याच वर्षी इक्बाल झाला. सुईण यायला उशीर झाला तेव्हा त्याला पहिल्यांदा हातात घेणारी फिलूबाय होती. तो रडेना तेव्हा तिनं त्याला पालथं घालून पाठीवर अशी थाप मारली की त्याच्या ओरडण्यानं अंगण जागं झालं. इक्बालच्या अब्बांनी त्याच्या कानात अजान म्हटली, आणि थोड्या वेळानं फिलूबायनं हळूच, मला दिसणार नाही अशा बेतानं, त्याच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला. मला दिसलं. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, देवांना काय ते आपसांत ठरवू दे, माझ्या लेकराला दोन्हींची गरज आहे. तो बोलायला लागला तो तिलाच मांय म्हणायला लागला, आणि मला अम्मी. वर्षाच्या आत लूर्डीस झाली. ती आली तेव्हा मिंगेलबाब गल्लीभर खजूर वाटत फिरले.

मग दुबईत तेल सापडलं, गल्लीत नळ आले, बलुची म्हातारा गाढव विकून कुठे गेला कळलं नाही. दशक संपता संपता फिलूबायची आई अंथरुणाला खिळली आणि ती दोघं लूर्डीसला घेऊन गोव्याला परत गेली. खोरच्या धक्क्यावर निरोप द्यायला गेलो तेव्हा इक्बाल तिच्या फ्रॉकला असा चिकटला की सोडवताना शिवण उसवली. मी तिला डेग देऊ केली. तिनं घेतली नाही. "ती हांगाच रांव दी," म्हणाली, इथेच राहू दे. त्यानंतर उलटं झालं. इथे मोठमोठी दुकानं आली, बाकल्याव पाकिटांतून मिळायला लागला, आणि दर डिसेंबरात मी इथून मडगावला पाठवायला लागले. लिस्बनच्या भावाची जागा हर्णैच्या जमिलानं घेतली, असं ती सगळ्यांना सांगायची. अधूनमधून आम्ही भेटायचो. शेवटची भेट दोन वर्षांपूर्वी, तिच्या बाल्कांवात, घरापुढच्या ओसरीत. ऐकू कमी यायचं, पण माझा हात हातात घेऊन ती पूर्ण दुपार बसून राहिली.

ती गेल्याला महिना होत आला तेव्हा लूर्डीसचा पुन्हा फोन. महिन्याची मिस, चर्चमधली प्रार्थना, होती, घरी माणसं जेवायला येणार होती, आणि तिला आईचा बाकल्याव करायचा होता. "मावशी, मम्मानं कधी लिहून ठेवलं नाही गो. मी फक्त खायचे. तू सांगशील?" मी आमच्या आताच्या शारजाच्या घरातल्या स्वयंपाकघरात सनाला फोन धरायला लावला, लूर्डीसनं मडगावात तिचा फोन खिडकीत टेकवला, आणि आम्ही दोघींनी एकाच वेळी रांधलं. "दादी, आय थिंक हर अनियन्स आर बर्निंग," सना ओरडायची आणि मी इकडून, "आच कमी कर गो, लाल नको, गळू दे!" लूर्डीस मध्येच थांबली, नाक पुसलं आणि म्हणाली, "मावशी, तू अगदी मम्मासारखी ओरडतेस." मग दोघीही हसलो. शेवटी तिनं झाकण काढलं, मी झाकण काढलं, आणि फोनमध्ये दोन्हीकडे वाफच वाफ झाली.

त्या दिवशी इक्बालला ऑफिसात मीटिंग होती, तरी तो लवकर आला. टेबलावर बसला नाही. ओट्यापाशी उभा राहून, टाय सैल करून, डेगीतूनच चमच्यानं खाल्लं. सूनबाई म्हणाली, "अहो, प्लेट तरी घ्या." त्यानं मान हलवली. खाऊन झाल्यावर त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि डेग सिंकमध्ये घेतली. ह्या मुलानं आयुष्यात कधी चहाचा कप विसळला नव्हता. कडेला लागलेला बटाटा नखानं सोडवत, मीठ आणि लिंबानं तांबं घासत तो बराच वेळ उभा होता. सना पुढे झाली, "डॅडी, लेट मी." तो म्हणाला, "नाही बेटा, मला करू दे." डेग धुऊन, पुसून, त्यानं खिडकीत उन्हाला उपडी ठेवली. मग ओल्या हातांनीच माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "अम्मी, इन्शाल्ला ह्या डिसेंबरात आपण मडगावला जाऊ या. डेग घेऊन."